खेचराचा चार्ज

१९६५ सालच्या लढाईत सैन्याच्या एका तुकडीने तलासरीजवळच्या सावरपाड्याचं सगळं भात कापून, झोडून, कणग्यांत भरून दिलं.

असं काही घडलेलं नाही. सैन्य भात कापत नाही. सैन्याला तेवढा वेळ नसतो, आणि असलाच तर तशी ऑर्डर नसते. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलं असेल तर त्याने ते होतं तिथे परत ठेवावं आणि श्यामकांत राऊत याच्या हातात कासरा कसा आला तिथपासून सुरुवात करावी.

श्यामकांत तलासरीला पुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. अक्षर चांगलं आणि 'नाही' म्हणायला लागणारी जीभ तोकडी, त्यामुळे कचेरीतलं कुठलंही नकोसं काम फिरत फिरत त्याच्याच टेबलावर येऊन बसायचं. लढाई पेटली आणि मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरून लष्करी ट्रकांच्या रांगा उत्तरेकडे जायला लागल्या. वरून हुकूम आला की अच्छाडच्या नाक्यावर, महाराष्ट्र संपून गुजरात सुरू होतो तिथे, येणाऱ्या प्रत्येक ताफ्याला चहापाणी द्यावं आणि सोबत जनावरं असल्यास वैरणही. ताफा कधी येणार, केवढा असणार, हे मात्र गुप्त होतं. शत्रूला कळू नये म्हणून ते श्यामकांतलाही कळवत नसत. त्यामुळे तो सकाळी चहा चुलीवर चढवायचा आणि ताफा येईपर्यंत त्याचा काढा व्हायचा. जवान तो एका दमात पिऊन टाकत आणि तोंड असं करून पुढे जात की आता समोर कोणीही आलं तरी सोडायचं नाही. हे पाहून सावेसाहेबांनी, म्हणजे श्यामकांतच्या वरिष्ठांनी, चहाच्या कृतीत बदल करू नये असा शेरा दिला.

अशाच एका ताफ्यात खेचरं होती. ट्रकमध्ये दाटीवाटीने उभी, शहाण्या चेहऱ्याची. त्यातल्या एकाचा पुढचा पाय सुजला होता म्हणून सुभेदाराने त्याला खाली उतरवलं, पाय दाबून पाहिला, आणि चहाचा ग्लास घ्यायला हात मोकळा हवा म्हणून शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला, "जरा पकडना."

शेजारी श्यामकांत होता. त्याने धरलं. पाहुण्या माणसाने जरा धर म्हटलं तर धरायचं, एवढं वळण त्याला घरचं होतं. सुभेदाराने चहा प्यायला, तोंड वर सांगितल्यासारखं केलं, परतीच्या वाटेवर घेऊन जातो, कुठल्या कामाला जुंपू नका, सरकारी माल आहे, एवढं सांगितलं आणि ट्रकात चढला. ताफा गेला. धूळ खाली बसली तेव्हा नाक्यावर श्यामकांत, कासरा आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला भारतीय सैन्य असे तिघे उरले होते.

सावेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते नियमाला धरून चालणारे गृहस्थ होते. नियम नसला तर तिथल्या तिथे करून त्याला धरून चालत. ज्याच्या हातात कासरा त्याच्याकडे चार्ज, असं त्यांनी ठरवलं. कासरा सोडून दिला तर, असं श्यामकांतने विचारलं. मग सरकारी मालमत्ता वाऱ्यावर सोडल्याबद्दल चौकशी, असं साहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

एरवी श्यामकांतने हेही सोसलं असतं. पण त्याच आठवड्यात त्याची बदली झाली होती. डहाणूला. ही बदली त्याने वर्षभर मागितली होती आणि त्यामागे कारण होतं. त्याची बायको सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी वाणगावला गेली होती, आणि वाणगाव डहाणूहून गाडीने अगदी जवळ. सुनंदाचे वडील अण्णा वाणगाव स्टेशनात तिकिटं द्यायचे. आपल्या चारही मुलांच्या जन्माच्या वेळी ते खिडकीत बसून लोकांना तिकिटं देत होते, आणि ही गोष्ट सुनंदाच्या आईने त्यांना आजवर एकदाही विसरू दिली नव्हती. निघताना सुनंदा नवऱ्याला म्हणाली होती, "मला साडी नको, डोहाळजेवणाचा थाट नको. त्या दिवशी तुम्ही तेवढे घरात असा." श्यामकांतने तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं होतं. बाळंतपणाचे दिवस कार्तिकातले होते.

आता बदली झाली म्हणजे लगेच जाता येतं असं नाही. सगळा चार्ज दिल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. श्यामकांतने कपाटाच्या किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, रॉकेलचं माप दिलं, एक पाय नसलेली खुर्ची तिच्या पायासकट दिली. खेचर राहिलं. त्याच्या जागेवर आलेला कारकून एकदा जाऊन खेचर लांबून पाहून आला आणि दुसऱ्या दिवशी त्याची प्रकृती बिघडली.

खेचराला खायला काय घालायचं हा पुढचा प्रश्न. लष्करी पद्धतीने त्याला हरभरा लागतो, जव लागतात. त्या साली माणसांनाच रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळत होता आणि तो खाऊन माणसं खेचरासारखी तोंडं करत होती. श्यामकांतने खेचराच्या रेशनकार्डासाठी अर्ज केला. सावेसाहेबांनी तो परत पाठवला, कारण कुटुंबप्रमुखाची सही नव्हती. खूर चालेल का, असं श्यामकांतने विचारलं. साहेबांनी विचार केला. अंगठा चालतो, ते म्हणाले. खुराबद्दल वरून मार्गदर्शन मागवावं लागेल.

मार्गदर्शन येईपर्यंत खेचर जगणं भाग होतं. तेव्हा अच्छाडच्या नाक्याला वैरण आणून टाकणारा झिपरू पुढे आला. झिपरू हा सावरपाड्याचा जाणता माणूस. त्याने खेचराचा पाय पाहिला, कसलासा पाला वाटून बांधला आणि म्हणाला, पाड्यावर ठेवा, गवताला काय तोटा. पाड्याची पद्धत अशी की पाहुणा एका घरावर पडू द्यायचा नाही. आज झिपरूकडे, उद्या लाहूकडे, परवा शुक्राकडे, अशी खेचराची पाळी लागली. प्रत्येक घर आपापल्या परीने करायचं. कुणी हिरवं गवत, कुणी कोंडा, झिपरूची बायको जमना तर त्याला पेज पाजायची आणि वर मिठाचा खडा द्यायची. खेचराचं नावच पाहुणा पडलं. पाय बरा झाला, अंग भरलं, आणि जमनाच्या अंगणातून जाताना ते पेजेची वाट पाहत मुद्दाम लंगडायला लागलं.

लढाई थांबली. ताफे परतले, पण दुसऱ्या कुठल्या रस्त्याने. श्यामकांत सैन्याला पत्रांवर पत्रं पाठवत राहिला. वाणगावहून सुनंदाचं कार्ड आलं, त्यात दोनच ओळी होत्या: "अजून व्हायचं आहे. खेचराचं काय?"

दसरा झाला, भात पिवळं पडलं, आणि एक दिवस खरोखरच सैन्य आलं. नायक हरकसिंग आणि त्याच्याबरोबर दोन जवान. खेचर घेऊन चालत डहाणू रोडला जायचं, तिथे गाडीचा डबा लागलेला असेल, त्यात त्याला चढवायचं, काम संपलं. श्यामकांतने पिशवी भरली. आपणही डहाणूपर्यंत बरोबर चालायचं आणि तिथून पहिली गाडी वाणगावची, असा त्याचा बेत होता. हरकसिंगने कासरा हातात घेतला. श्यामकांतला इतकं हलकं वाटलं की तो जमिनीपासून थोडा वर उभा होता असं लाहू पुढे बरीच वर्षं सांगायचा.

तेवढ्यात झिपरू खाकरला.

"न्या की," तो म्हणाला. "आमचं काय म्हणणं नाय. फकस्त एक हाय. खाल्लं हाय त्याने."

सावरपाड्यात, आणि आसपासच्या पाड्यांतही, एक रीत होती. कापणी-लावणीच्या दिवसांत ज्याच्या घरी जेवलास, त्याच्या शेतावर एक दिवस जायचं. यात पैसा नव्हता, हिशोबाची वही नव्हती, भांडण तर नव्हतंच. न गेलेला माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे न गेल्यास काय होतं हे कुणाला माहीत नव्हतं. खेचर घरोघर जेवलं होतं. आता कापणी तोंडावर होती. एकेक दिवस येऊ दे, मग खुशाल न्या, एवढंच झिपरूचं म्हणणं.

श्यामकांत म्हणाला की ते सैन्याचं जनावर आहे, त्याला बाहेरच्या कामाला जुंपायची बंदी आहे. झिपरूने मान डोलावली. बंदी मोडू नये, तो म्हणाला. मग त्याच्या बदल्यात त्याच्या घरचं कोणीतरी येऊ दे. आमच्यातही आजारी पडला तर भाऊ येतो.

सगळ्यांनी हरकसिंगकडे पाहिलं.

श्यामकांतला वाटलं हा आता हसेल, नाहीतर बंदूक काढेल, दोन्हीत आपण सुटलो. पण हरकसिंग गढवालचा होता, डोंगरातल्या उभ्या शेतांत वाढलेला. त्याने रीत दोनदा समजावून घेतली, टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "हमारे गाँव में भी यही है," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मेरी माँ को पता चला कि खाकर चला आया, तो घर में नहीं लेगी." मग कासरा श्यामकांतच्या हातात परत देऊन, कमरेचा पट्टा सोडून त्याने तो खेचराच्या गळ्यात अडकवला आणि विळा मागितला.

श्यामकांतने त्या संध्याकाळी हिशेब जुळवून पाहिला. तिघे जवान, तीन वेगवेगळी शेतं, म्हणजे रोज तीन घरं फिटणार. सात-आठ दिवसांचा प्रश्न. कार्तिक अजून लागायचा होता. त्याने सुनंदाला कार्ड टाकलं, येतोच.

पण त्याने रात्रीचं जेवण धरलं नव्हतं. शेतावरची भाकरी कामातलीच, ती कुणी मोजत नसे. तुकडीकडचा शिधा मात्र दोन दिवसांचाच होता. तो संपल्यावर जवानांना रात्री कुठेतरी जेवणं भाग होतं. पाडा काही त्यांना उपाशी निजू देणार नव्हता. आणि जिथे जेवले, तिथे एक दिवस लागू. म्हणजे दिवसा तीन घरं फिटायची आणि रात्री तीन घरं चढायची. आठ दिवसांनी श्यामकांतने पुन्हा हिशेब केला तेव्हा सैन्य जिथे होतं तिथेच होतं.

हरकसिंगने सैन्याच्या डेपोला कळवलं की खेचर ताब्यात घेण्याचं काम चालू आहे, शिधा पाठवा. डेपोने ट्रक पाठवला. ट्रकात आटा, डाळ, साखर, तुपाचे डबे आणि ते उतरवायला चार जवान. पाड्याच्या अलीकडच्या ओहोळात ट्रक रुतला. पाड्यातल्या माणसांनी तो ढकलून काढला, रात्र झाली म्हणून चौघांना जेवायला वाढलं, आणि सकाळी त्या चौघांच्याही हातात विळे आले. शिधा आला तरी रात्री पाडा कुणा जवानाला वेगळी चूल पेटवू देईना. आता खेचर न्यायला आलेली तुकडी आणि त्या तुकडीला जगवायला आलेली तुकडी, अशा दोन तुकड्या शेतात होत्या. पाहुणा बांधावर उभा राहून दोघींची पाहणी करायचा.

सावेसाहेब सायकलवरून एकदा बघून गेले. शेतात हे काय चाललं आहे, असं त्यांनी विचारलं. श्यामकांतने सांगितलं. काही चाललेलं नाही, असं साहेबांनी ठरवलं आणि सायकल वळवली.

अशी कापणी सावरपाड्याने कधी पाहिली नव्हती. जवान एका रांगेत वाकायचे, एका रांगेत उभे राहायचे. पाड्यातल्या भिकीच्या शेताला त्यांनी दोन्ही बाजूंनी घेरून कापलं. दिवाळी उरकली तोवर शेवटचं खाचर उघडं पडलं आणि झोडणीही झाली. खरी पंचाईत तेव्हा सुरू झाली. भात संपलं आणि देणं उरलं.

"आता?" श्यामकांतने विचारलं.

झिपरूने सगळ्या बाजूंनी विचार केला. पुढल्या आषाढात लावणीला या, तो म्हणाला. घाई नाय.

हरकसिंग म्हणाला, ठीक आहे, आषाढापर्यंत थांबतो; फक्त डेपोला तसं कळवावं लागेल. तो हे अगदी गंभीरपणे म्हणाला. श्यामकांत कणगीला टेकून बसला. त्याच दुपारी अण्णांचा निरोप एका ट्रकवाल्याने आणला होता: आज-उद्याचं काम आहे, यायचं असेल तर या. यायचं असेल तर, हे शब्द श्यामकांतच्या छातीत काट्यासारखे बसले. उठून सरळ चालू लागावं असं त्याच्या मनात आलं. पण कासरा टाकला तर चौकशी, चौकशीत बदली रद्द, आणि मग बाळाला बाप सुट्टीपुरताच. असा सगळा विचार करत तो जमनाच्या चुलीकडे बघत होता आणि त्याला दिसलं की जमना ट्रकमधून आलेला लष्करी आटा मळते आहे.

तो ताडकन उठला. हा आटा कुणाचा? सैन्याचा. आजवर सैन्य पाड्यात जेवलं म्हणून सैन्याला पाड्याचं देणं. मग पाडा सैन्याकडे जेवला तर?

झिपरूने मळलेल्या आट्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, "तसं केलं तर आमाला यावं लागंल. लढाईला एकेक दीस."

"लढाई थांबली आहे," श्यामकांत म्हणाला. "तेव्हा तुम्ही लढाईला यायचं नाही, त्याच्या बदल्यात ह्यांनी लावणीला यायचं नाही. दोन्ही फिटलं."

हे झिपरूला पटलं. दुसऱ्या दिवशी शिध्याचे सगळे डबे फोडले गेले. हरकसिंगने आख्ख्या पाड्याला आमंत्रण दिलं. सैन्याच्या शिस्तीत पंगत बसली, पुऱ्या झाल्या, डाळ झाली, तुपाने निथळणारा शिरा झाला. एकाही घराने जेवायचं टाळलं नाही, कारण जेवण हे आता कर्तव्य होतं. लाहू तर स्वतःचं फिटून शेजाऱ्याचंही फिटेल इतका जेवला. खेचरालाही शिऱ्याचा घास दिला. झिपरूने हात धुतले, ढेकर दिली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "फिटलं."

लगेच निघायचं ठरलं. जमनाने पाहुण्याच्या कपाळाला कुंकू लावलं. हरकसिंगने पट्टा परत कमरेला बांधला, जवान ट्रकात चढले, श्यामकांतने पिशवी खांद्याला मारली, आणि पाड्याच्या वेशीवर सावेसाहेब सायकल जोरात मारत समोरून आले. त्यांच्याकडे डेपोची तार होती. अमुक क्रमांकाचं खेचर सप्टेंबरातच ठरल्या ठिकाणी पोचलं असून रोजचा शिधा खात आहे. तरी तुकडीने ताबडतोब परतावं, आणि येताना जादा खेचर आणू नये.

सगळे पाहुण्याकडे बघायला लागले.

"मग हे कोण?" श्यामकांतने विचारलं.

साहेबांनी चष्मा वर करून खेचर नीट निरखलं. "हे नाही," ते म्हणाले.

हरकसिंगने खेचराच्या मानेवरून हात फिरवला, दोन पावलं मागे सरून त्याला कडक सलाम ठोकला आणि ट्रकात बसला. ट्रक गेला. श्यामकांतच्या हातात पुन्हा कासरा होता.

"चार्ज मी कुणाला देऊ, साहेब?"

"कसला चार्ज? जे आलंच नाही त्याचा चार्ज असेल कसा? तुम्ही सप्टेंबरातच मोकळे झालेले आहात." साहेब सायकलवर चढता चढता थांबले. त्यांच्या मनात काहीतरी आलं होतं. "मग राऊत, इतके दिवस तुम्ही इथे करत काय होता? डहाणूला हजर का नाही झालात? लेखी खुलासा द्या."

झिपरूने श्यामकांतच्या मुठीतून कासरा हळूच सोडवून घेतला आणि त्याला डहाणूच्या वाटेला लावून दिलं.

वाणगावच्या फलाटावर तो उतरला तेव्हा अण्णा फाटकाशी उभे होते. त्यांनी जावयाचं तिकीट मागितलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात टाकलं. "मुलगी झाली," ते म्हणाले. "काल सकाळी. मी ड्युटीवर होतो."

घरात सुनंदा खाटेवर टेकून बसली होती आणि तिच्या कुशीत लाल तोंडाचं एक गाठोडं झोपलं होतं. श्यामकांत दारातच उभा राहिला. सुनंदाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रडली नाही, रागावली नाही, तेच जास्त लागलं.

"खेचराचा पाय बरा आहे?" तिने विचारलं.

"बरा आहे."

"चला. कुणाला तरी तुमचा उपयोग झाला." मग ती थोडी सरकली आणि खाटेवर हात आपटून म्हणाली, "बसा इथे. हिला धरा. आणि ही कुणी मागितली तरी सोडायची नाही."

त्याने धरलं. मुलगी हातात घेऊनच, एका बाजूला पाट मांडून, त्याने संध्याकाळी खुलासा लिहायला घेतला. सुनंदा वाकून वाचत होती, आणि एक वाक्य तिने स्वतः सांगून घालायला लावलं.

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार श्यामकांत राऊत, कारकून, याचा विनंतीपूर्वक अर्ज असा की, सदर खेचर तलासरी येथे कधीच आले नव्हते असे आता सरकारी रीतीने ठरले आहे. सबब, ते सांभाळण्यात अर्जदाराचे जे दिवस गेले तेही गेले नाहीत असे धरून ते अर्जदारास परत देण्यात यावेत, म्हणजे अर्जदार ठरल्या तारखेस डहाणू येथे हजर होईल, व कन्येच्या जन्माच्या वेळी वाणगाव येथे घरात असेल. जन्म पुन्हा घडवून आणण्यास अर्जदाराच्या पत्नीची सक्त हरकत आहे. तरी तो झाला तसाच कायम ठेवून, अर्जदारास फक्त त्या सकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर बसवून मिळावे, ही विनंती."